आत्याबाईंचा पंप, मामाजींची नाव

"सूनबाई! अवं सूनबाई! नाव बुडून राहिली, अन् तुहा पंप झोपून राहिला!"

मामाजींचा तो आवाज तेलंगखेडीच्या तलावावरून निघाला आणि थेट सीताबर्डीवर जाऊन आदळला. तिथल्या दोन-चार दुकानदारांनी दंगल समजून शटर ओढली म्हणतात. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. तर मामाजी धोतर मांडीपर्यंत खोचून एका लोखंडी नावेत उभे होते, पाणी पोटऱ्यांना लागलं होतं, आणि तलावाच्या पायऱ्यांवर आमचा अख्खा विणकर मोहल्ला शेंगा फोडत तमाशा पाहत बसला होता.

"झोपला नाही जी!" मी काठावरून ओरडले. "आत्ताच तर चालू होता!"

"चालू होता तवा नाव कोरडी होती वं! पाणी आलं तसा बंद पडला! असा कसा पंप तुहा, पाणी पाहून भेते?"

मोहल्ला हसला. इतका हसला की त्या हादऱ्यानं नाव आणखी बोटभर खाली गेली. शेवटी सगळ्यांनी मिळून दोर ओढला, नाव काठाच्या चिखलात आणून टेकवली आणि घरी जाऊन ज्याला त्याला सांगितलं की समुद्र पाहायचा असेल तर मुंबईला जायची गरज नाही, कोष्ट्याच्या नावेत डोकावा.

आता नागपुरात, जिथून समुद्र इतका लांब आहे की तिकडून निघालेलं वारंही इथवर येता येता म्हातारं होतं, तिथे आमच्या घरात नाव आली कशी? ती आली शहराबाहेरच्या वाडीहून, ट्रकवर बसून.

मामाजींनी उभं आयुष्य हातमागावर काढलं होतं. मग लुगडी घेणारे कमी झाले, माग विकला गेला, आणि घरात उरला तो मागाचा खड्डा आणि एक फणी. फणी म्हणजे मागाचा तो लांब कंगवा, ज्याच्या पोलादी दातांमधून एकेक धागा जातो. तेवढी मामाजींनी विकू दिली नाही. आमचे हे वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग पाहायचे. त्यांनी मामाजींसाठी तिथेच चौकीदाराची जागा धरून ठेवली होती. मामाजी एकदा ती जागा बघायला गेले. स्टूल पाहिलं, काठी पाहिली, शिट्टी पाहिली. आणि गोदामाच्या मागे पाहिली ती नाव. कुठल्याशा धरणाच्या कामावरून आलेली, मालकानं कधी सोडवून न नेलेली, इंजिनासकट, पोटात गवत उगवलेली.

"चौकीदारी मी नाही करत," मामाजी घरी येऊन म्हणाले. "मी नाव चालवतो. तलावावर. सुट्ट्यांत पोट्टेसोट्टे घेऊन फिरवीन."

"बाबा, तुम्हाले पोहता तरी येते का?" ह्यांनी विचारलं.

"पोहणारा नाव कायले घेईल बे?"

ह्यांनी एकच अट घातली. तलावाचा कारभार पाहणाऱ्या ऑफिसाची परवानगी मिळाली तर नाव, नाही मिळाली तर नाव भंगारात आणि मामाजी स्टुलावर. मामाजींनी होकार दिला. पण त्या दिवसापासून कोणी शिट्टी वाजवली की ते जेवता जेवता उठून दार लावून घ्यायचे.

परवानगी द्यायला एक साहेब यायचे, आणि त्या साहेबांची ख्याती मोठी होती. कागद बघत नसत, इंजिन बघत नसत. नावेत माणसं बसवायचे, इंजिन बंद करायला लावायचे, आरामात नाश्ता करायचे, मग बूट काढून, फळ्या उचलून, पांढऱ्या मोज्यानं नावेच्या तळावर उभे राहायचे. मोजा कोरडा तर नाव पास. ओला झाला तर साहेब नुसता मोजा पिळायचे. त्या पिळण्याचा आवाज ऐकून भली भली माणसं धंदा सोडून गावी शेतीला गेली होती.

आणि लोखंडी नाव पाणी खातेच. रिव्हेटाच्या भोकांतून खाते, नाव ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बाहेर जातो तिथून तर खातेच खाते. ते भोक गच्च आवळलं तर दांडा फिरत नाही, सैल सोडलं तर तलाव घरी येतो. थोडं टपकू द्यायचं आणि टपकलेलं उपसत राहायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणून पंप.

पंपाचं नाव निघालं आणि मामाजी आधी गेले उमरेडला. त्यांचा तिथला एक मावसभाऊ, तोही जुना विणकर, आता कोळशाच्या खाणीवर होता. "जो पंप खाण कोरडी करते, तो नाव नाही करणार?" असा त्यांचा हिशोब. भंगारातला खाणीचा पंप त्यांनी एसटीच्या टपावर चढवला. उमरेड ते नागपूर ती एसटी पुढची चाकं जमिनीला न लावता आली, आणि कंडक्टर तर सांगतो की ड्रायव्हरनं सगळा रस्ता आभाळाकडे बघत गाडी हाकली. पंप नावेत ठेवला. नाव जागीच बसली. तो चालवायला जे इंजिन लागलं असतं ते न्यायला आणखी एक नाव लागली असती.

तेव्हा मी पदर खोचला.

माझ्या बाबांचं कूलर दुरुस्तीचं दुकान होतं. मी बाराखडी गिरवायच्या आधी वाळ्याच्या ताट्या भरायला शिकले. मे महिन्यात नागपूरच्या घरात देव एकवेळ नसला तरी चालेल, कूलर हवाच. तो दुरुस्त करणाऱ्याच्या मुलीला सासरी काय मान असतो ते मी सांगत नाही. एवढंच सांगते की माझ्या लग्नात वरपक्षानं पहिला प्रश्न कुंडलीचा नाही, पंपाचा विचारला होता.

"मामाजी," मी म्हटलं, "खाणीचा पंप खाणीत. नावेत कूलरचा लावू. हलका, उभा राहते, अन् खालून चार बोटं पाणी असलं तरी ओढते."

"नावेत लाइट कुठून आणतं?"

"बॅटरी आहे ना इंजिनाची. पंपाचं वरचं डोकं, म्हंजे मोटार, काढतो अन् ट्रकच्या मोटारीचं डोकं बसवतो. ते बॅटरीवर फिरते."

डोकं वाडीच्या ट्रक दुरुस्तीवाल्यांकडून ह्यांनी आणलं. धड कुठून आणायचं? बाजारात जायला वेळ नव्हता आणि आमच्या घरच्या कूलरमध्ये एक उत्तम पंप होता. आत्याबाईंच्या खोलीतला. मी आत्याबाईंना म्हटलं, "परवानगी मिळेपर्यंतच घेते जी." आत्याबाईंनी फडताळावरून बांबूचा पंखा काढला, धूळ झटकली आणि वारा घ्यायला लागल्या. बाहेर असं ऊन की कावळे सावलीसाठी विजेच्या तारेखाली उभे राहायचे, आणि आत आत्याबाई बांबूचा पंखा हलवत बसलेल्या, त्यांच्या नजरेसमोर पोट रिकामं झालेला कूलर.

पंप आपला आपण सुरू व्हावा, आपला आपण बंद व्हावा, म्हणून त्याला मी कूलरचाच तरंगता गोळा लावला. आणि इथे ते झालं, ज्याला मोहल्ल्यानं माझी चूक म्हटलं. ती चूक नव्हती. ती सवय होती, आणि सवय माझी नाही, गोळ्याची. कूलरचा गोळा जन्मापासून एकच गोष्ट शिकलेला: पाणी खाली गेलं की काम सुरू करायचं, पाणी वर आलं की थांबायचं. कूलरमध्ये पाणी टिकवायचं असतं ना! मी त्याला तसाच्या तसा नावेत बसवला, फक्त तोटीच्या जागी पंपाचं बटण जोडलं. वाडीहून तलावापर्यंत ट्रकवर कोरड्या नावेत तो पंप असा गुरगुरत आला की मी ह्यांना म्हटलं, "पाहा किती उत्साही आहे." नाव पाण्यात उतरली, तळात पाणी आलं, गोळा वर आला, आणि पंपानं समाधानानं डोळे मिटले. टाकी भरली, आता आराम.

त्यानंतरची बोंब तुम्ही ऐकलीच आहे.

गोळ्याचा दांडा उलटा करायला मला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नाही. पण मोहल्ल्याचं हसू मला चांगलंच झोंबलं होतं. साहेब रविवारी यायचे होते, आणि मी ठरवलं, आता ह्या नावेत असा बंदोबस्त करते की तलावानं आमच्याकडे बघायचीही हिंमत करू नये.

आधी पंपाची जागा. मामाजी म्हणत, मधोमध. मी नाव पाण्यात घातली, आतमध्ये शेजारीपाजारी बसवले, आणि एक लोटा पाणी तळात ओतलं. पाणी गेलं मागच्या डाव्या कोपऱ्यात, पंख्याच्या दांड्याच्या बाजूला. माणसं बसल्यावर नाव जिकडे झुकते, तिथेच पाणी जमतं. पंप तिथे. मग शेंगांची टरफलं. मोहल्ल्यानं हसता हसता इतकी टाकली होती की पंपाचं तोंड बांधल्यासारखं झालं. जाळी हवी होती. बारीक, पण पाणी अडणार नाही अशी. मी विचार करत बसले होते. मामाजी आत गेले आणि फणी घेऊन आले.

"हिच्यातून धागा जाते, कचरा जात नाही," ते म्हणाले. "मोड."

"मामाजी, ही तुमची..."

"मोड वं. भिंतीवर टांगून कोणतं लुगडं होऊन राहिलं?"

मी मोडली नाही. वाकवली. पंपाच्या तोंडाभोवती गोल करून तारेनं बांधली. बाहेर जाणारी नळी नावेच्या काठावर उंच आकड्याला अडकवली, तोंड पाण्याच्या वर. आणि शेवटी, बॅटरी मेलीच तर, म्हणून रेशनच्या दुकानातल्यासारखा तो हातपंप आणला, पिंपातून रॉकेल काढतात तो, दांडा वरखाली करायचा. धुऊन धुऊन त्याचा वास घालवला. तरी तलावातल्या मासोळ्या त्या आठवड्यात शिंकत होत्या.

रविवार उजाडला. मोहल्ला नावेत बसला, ह्या वेळी शेंगा न घेता, कारण मी प्रत्येकाचा खिसा तपासला होता. साहेब आले. अंगानं भरदार, पायात ते मोजे. इतके पांढरे की त्यांच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येईना. मामाजींनी इंजिन बंद केलं. आत्याबाईंनी पहाटे उठून, बिनकूलरच्या स्वयंपाकघरात घामानं निथळत, पोहे आणि चण्याची तर्री करून दिली होती. साहेबांनी नावेतच मांडी घातली. तर्री अशी लाल की साहेबांनी पहिला घास घेतला आणि तलावाच्या पलीकडच्या काठावरच्या माणसाला ठसका लागला.

पंप सुरू झाला. फुर्रर्र. नळीतून पाण्याची धार तलावात. थांबला. छान. बराच वेळ शांत. पुन्हा फुर्रर्र, पुन्हा थांबला. मी मनातल्या मनात सत्काराचा हार निवडत होते. झेंडूचा नको, मोगऱ्याचा.

आणि मग मला जाणवलं की पंप फार लवकर लवकर सुरू होतोय. थांबला की लगेच फुर्रर्र. पुन्हा थांबला की लगेच. एवढं पाणी दांड्याच्या भोकातून येणं शक्य नव्हतं. मी हळूच काठाकडे पाहिलं. नळी आकड्याला नव्हती. तिचं तोंड तलावात बुडवलेलं होतं.

"मामाजी," मी दातांतल्या दातांत म्हटलं, "नळी कोनं खाली घातली?"

"म्या," मामाजी कुजबुजले. "साहेब खाऊन राहिले, अन् आपली नाव त्यांच्यासमोर सांडपाणी थुंकून राहिली? शोभते का?"

आमच्या मोहल्ल्यात पाहुणा जेवत असला की मोरीचं पाणीसुद्धा तो हात धुऊन उठेपर्यंत कोणी बाहेर टाकत नाही. मामाजींनी पाहुण्याचा मान राखला होता. पण नावेचं पोट तलावापेक्षा खाली असतं. नळी पाण्यानं भरलेली, तिचं तोंड तलावात बुडलेलं, आणि पंप थांबला रे थांबला की तलाव त्याच नळीतून उलटा आत यायचा. आम्ही बाहेर काढत होतो तेच पाणी पुन्हा आत आणत होतो, वर बॅटरी जाळत होतो. पंपाचा आवाज आता फुर्रर्र राहिला नव्हता. घुर्र... घुर्र... असा, जेवण झालेल्या म्हाताऱ्यासारखा.

मी झेप घेतली आणि नळी उपसून वर काढली. शेवटची धार अशी उडाली की शेजारच्या चप्पूच्या, म्हणजे वल्ह्याच्या, नावेतला माणूस, जो सकाळपासून आमच्याकडे बघून दात काढत होता, त्याचं दात काढणं एका क्षणात धुऊन गेलं. पण त्याच धारेबरोबर पंप बसला. बॅटरी खल्लास. फळीखाली पाणी डुचमळत होतं, मला ऐकू येत होतं. साहेबांच्या द्रोणात दोन घास पोहे उरले होते. मामाजींच्या चेहऱ्यावर मला स्टूल दिसलं, काठी दिसली, शिट्टी दिसली.

"काय झालं हो?" साहेबांनी मान वर केली. "पंप बंद पडला का?"

आता खरं बोलणारी बाई इथे रडली असती. मी पदर सावरला.

"बंद केला, साहेब," मी म्हटलं. "आता तुम्हाला बॅटरी मेल्यावर काय होतं, ते दाखवायचं आहे. पाण्यात बॅटरी केव्हाही मरते. तुम्ही विचाराल म्हणून आधीच दाखवते. मामाजी, बसा हातपंपावर."

साहेबांचा घास हातातच राहिला. "हे मी विचारणारच होतो," ते म्हणाले.

मामाजी हातपंपासमोर बसले. दांडा त्यांनी चौकीदाराच्या काठीसारखा धरला. मी खाली वाकून म्हटलं, "मामाजी, माग समजा." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मांडी सैल केली, पाठ ताठ केली, जशी मागाच्या खड्ड्यात बसून करायचे. आणि उजव्या हातानं तो झटका दिला, ज्या झटक्यानं त्यांनी आयुष्यभर मागावर सुताचा धोटा इकडून तिकडे पळवला होता.

खट-खटाक. खट-खटाक.

असं पाणी मी आजवर पाहिलं नाही. प्रत्येक झटक्याला ते नळीतून लुगड्यासारखं असं उलगडत निघायचं की वाटावं आता फक्त किनार लावायची राहिली. मोहल्ल्यातल्या जुन्या विणकरांना तो ताल ओळखू आला. एकानं मांडीवर ठेका धरला, मग दुसऱ्यानं, मग अख्ख्या नावेनं. "ओढा मामा, ओढा!" "आज काठ लावा तलावाले!" मामाजींचं वय पंधरा वर्षांनी उतरलं, मग आणखी दहा, साहेबांनी पोहे लवकर संपवले म्हणून बरं, नाहीतर ते पाळण्यात जाऊन पोहोचले असते. नावेचं पोट रिकामं झालं. हातपंपानं शेवटी नुसती हवा ओढून एक लांब ढेकर दिला.

साहेबांनी द्रोण ठेवला. हात धुतले. बूट काढले. फळी उचलली. मोहल्ल्याचा श्वास थांबला. खरं सांगते, तलावावरचा वाराही थांबला, कारण तो एवढ्या लोकांच्या नाकात अडकला होता. साहेबांनी एक पाय तळावर ठेवला. मग दुसरा. जागच्या जागी दोनदा नाचल्यासारखे उभे राहिले. पाय वर घेतला, मोजा उलटा केला, अंगठ्यानं दाबला.

मग त्यांनी मामाजींकडे पाहिलं आणि विचारलं, "पहिली फेरी कधी?"

जो आरडाओरडा झाला त्यात मामाजींचा आवाज सगळ्यात वर होता. सीताबर्डीवर पुन्हा शटर पडली असतील, माझी हरकत नव्हती. पहिली फेरी तिथल्या तिथेच झाली. वाडीहून बॅटरी आली, इंजिन धडधडलं, मामाजी मागे सुकाणू धरून छातीत हवा भरून उभे, साहेब पुढे, मोहल्ला मधे, आणि मागच्या डाव्या कोपऱ्यात विकलेल्या मागाची फणी गळ्यात घालून माझा पंप फुर्रर्र करत तलावाचं पाणी तलावाला परत देत होता. नळी आकड्याला, तोंड वर. चप्पूवाल्याच्या नावेजवळून जाताना मी मामाजींना वेग कमी करायला सांगितलं, म्हणजे त्याला नीट बघता यावं.

दुपारी आम्ही घरी आलो तेव्हा उन्हानं रस्त्याचं डांबर लोण्यासारखं झालं होतं. मला त्याचं काही नव्हतं. मी अशा चालीनं गल्लीत शिरले, जणू तलाव मी खांद्यावर टाकून आणला आहे. आत्याबाई दारातल्या पायरीवर बसल्या होत्या, हातात बांबूचा पंखा, मागे खोलीत पोट रिकामं झालेला कूलर.

"आत्याबाई!" मी अंगणातूनच ओरडले. "पास! साहेबांचा मोजा कोरडा! मामाजी नावेचे मालक झाले! चौकीदारी गेली वाऱ्यावर! अख्ख्या तलावाले तुमच्या सुनेनं हरवलं जी, नागपुरात असा पंप आजवर कोणी बसवला नाही, अन् पुढं कोणी बसवणार नाही!"

आत्याबाईंनी पंखा थांबवला. घाम पुसला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माहा पंप कधी आणून देतं?"